आपण विमानात बसण्याजोगे आहोत का, हे कसं ठरवावं

लांबच्या विमानप्रवासात पाण्याची छोटी बाटली अर्धी पिऊन झाकण घट्ट लावून समोरच्या खिशात ठेवून द्या. उतरल्यावर बघा, कुणीतरी मुठीत धरून चेपावी तशी ती आत गेलेली असते. वर असताना तिच्यात विरळ हवा कोंडली गेली आणि खाली आल्यावर बाहेरच्या दाट हवेने तिला दाबलं.

विमान ३५,००० फुटांवर असतं तेव्हा केबिनमधला दाब जमिनीवरच्या इतका नसतो. ६,००० ते ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर जेवढा असेल, साधारण तेवढा असतो. त्यामुळे दोन गोष्टी होतात. शरीरात जिथे हवा अडकलेली असते, म्हणजे कान, सायनस, आतडी, तिथे ती २५-३० टक्क्यांपर्यंत फुगते. आणि दर श्वासातून मिळणारा ऑक्सिजन कमी होतो. धडधाकट माणसाचं रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण ९७-९८ वरून ९० ते ९५ च्या मध्ये कुठेतरी येतं आणि त्याला पत्ताही लागत नाही. ज्याचं जमिनीवरच ९१-९२ असतं, त्याला मात्र लागतो.

म्हणून डॉक्टरांना ‘मी प्रवास करू का?’ असं मोघम विचारू नका. ‘आठ हजार फुटांच्या डोंगरावर, इतके तास, एका खुर्चीत बसून राहायला मला चालेल का?’ असं विचारा. उत्तर पुष्कळदा बदलतं.

आधी एक जिना चढा

सपाटीवर ५० मीटर न थांबता चाला, किंवा एक मजला चढा. दम लागला नाही, छातीत दुखलं नाही, तर हृदय आणि फुप्फुसं साधारणपणे प्रवास झेलतील. ही ढोबळ चाचणी आहे, पण विमानप्रवासाचा सल्ला देणारे डॉक्टरही ती वापरतात. धाप लागली तर तिकिटाच्या आधी डॉक्टरांची वेळ घ्या.

मग दिवस मोजा

शस्त्रक्रिया किंवा मोठं दुखणं होऊन किती दिवस झाले, यावर बरंच अवलंबून असतं. पुढचे आकडे ढोबळ आहेत. विमानकंपनीगणिक थोडे बदलतात आणि तुमच्या बाबतीत शेवटचा शब्द डॉक्टरांचाच.

दुर्बिणीतून केलेली पोटाची शस्त्रक्रिया असेल तर चार-पाच दिवस, पोट उघडून केलेली असेल तर दहा दिवस थांबा. कारण तेच, आत राहिलेली हवा फुगते आणि ताज्या टाक्यांवर ताण येतो. गुंतागुंत नसलेल्या हृदयविकाराच्या झटक्यानंतर आठवडा ते दहा दिवस, कधी बरेच जास्त. हाताला-पायाला नवं प्लास्टर असेल तर दोन तासांच्या आतल्या प्रवासाला २४ तास आणि लांबच्या प्रवासाला ४८ तास थांबावं लागतं. त्याआधी निघणं भागच असेल तर प्लास्टर उभं चिरून घ्यावं लागतं, नाहीतर आतली सूज रक्तपुरवठा आवळते.

दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत कधीकधी डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. तो पूर्ण विरेपर्यंत, म्हणजे काही आठवडे, विमान वर्ज्य. तो फुगला तर नजर जाऊ शकते. दुसरी गोष्ट स्कूबा डायव्हिंगची. एकच बुडी मारली असेल तर निदान १२ तास आणि अनेक बुड्या किंवा सलग दिवस झाले असतील तर १८ तास विमानात बसू नये. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी सकाळी समुद्रात आणि दुपारी विमानात, हा बेत कागदावरच छान दिसतो.

गरोदर बाईला २८ आठवड्यांनंतर बहुतेक कंपन्या डॉक्टरांचा दाखला मागतात. सगळं सुरळीत असलं तर ३६ आठवड्यांपर्यंत नेतात, जुळी असतील तर ३२ पर्यंत. कांजिण्या झालेल्या मुलाला सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरीच ठेवा. साध्या सर्दीला कुणी अडवत नाही, पण कान पूर्ण बंद झाला असेल तर प्रवास पुढे ढकलणं बरं. उतरताना ती कळ डोळ्यांतून पाणी काढते.

दाखला घ्या, पण वाचून घ्या

माझ्या मावशीचं पित्ताशय काढल्यावर अकराव्या दिवशी आम्ही विमानतळावर गेलो. दाखला हातात होता. काउंटरवरच्या मुलीने तो दोनदा वाचला आणि म्हणाली, “मॅडम, यात प्रवासाबद्दल काहीच लिहिलेलं नाही.” खरंच नव्हतं. ‘रुग्णाची प्रकृती स्थिर आहे’ एवढंच होतं, आणि तारीख घरी सोडलं त्या दिवशीची. स्थिर आहे, हे पलंगावरचं वाक्य झालं. विमान गेलं. मावशी ट्रॉलीवर बसून मलाच धीर देत होती.

तेव्हापासून मी दाखल्यात एवढं आहे ना हे बघतो: आजाराचं नाव, शस्त्रक्रियेची तारीख, चालू औषधं, प्रवासाची तारीख आणि विमानाचा क्रमांक (परतीचासुद्धा), आणि ‘विमानप्रवासास योग्य’ हे शब्द. शिवाय डॉक्टरांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. दाखला ताजा हवा. किती ताजा, ते कंपनीच्या संकेतस्थळावर बघा.

नुकतंच रुग्णालयातून सुटला असाल, वाटेत ऑक्सिजन लागणार असेल किंवा आजार अजून आटोक्यात नसेल, तर नुसत्या दाखल्यावर भागत नाही. कंपनी ‘मेडिफ’ नावाचा फॉर्म मागते. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा डॉक्टरांनी. तो कंपनीच्या वैद्यकीय विभागाकडे जातो आणि मंजुरीला सहसा दोन-तीन दिवस लागतात, तेव्हा आदल्या रात्री पाठवून उपयोग नाही. नुसती व्हीलचेअर हवी असेल तर फॉर्मची गरज सहसा पडत नाही. तिकीट काढतानाच सांगून ठेवायचं. घरचा ऑक्सिजन सिलिंडर बहुतेक ठिकाणी चालत नाही. हवेतून ऑक्सिजन गाळून देणारं छोटं यंत्र चालतं, मात्र ते मान्यताप्राप्त हवं आणि बॅटऱ्या प्रवासाच्या दीडपट वेळ पुरतील इतक्या.

औषधं हातातल्या पिशवीत

मोठी बॅग दुसऱ्याच गावाला जाऊ शकते आणि खालच्या कप्प्यात इन्सुलिन गोठू शकतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यायचं. गोळ्या मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. पातळ औषधांना १०० मिलिलिटरची अट सहसा लागू नसते, पण तपासणीच्या वेळी ती आपणहून बाहेर काढून दाखवा. घड्याळं बदलणाऱ्या लांबच्या प्रवासात इन्सुलिनचं गणित आधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. तिथे पोचून बोटं मोजत बसू नका.

तब्येत ठीक, पण छाती धडधडते

भीती वाटणाऱ्याला ‘गाडीपेक्षा विमान सुरक्षित’ हे सांगून फार उपयोग होत नाही. त्यालाही ते माहीत असतं. मला जास्त उपयोग झाला तो आवाज ओळखायला शिकल्याचा.

चाकं जमीन सोडतात, काही सेकंदांत पायाखाली धप्प आवाज येतो: चाकं आत घेतली. हजार-दीड हजार फुटांवर इंजिनांचा सूर एकदम खाली येतो आणि पोटात खड्डा पडतो. इंजिन बंद पडलेलं नसतं, उड्डाणाची पूर्ण ताकद आता नको असते म्हणून ती कमी केलेली असते. मग पंखातून घूं-घूं येते, ती मागची झडप आत सरकते त्याची. ‘टिंग’ वाजतं तो बहुधा कर्मचाऱ्यांचा आपसातला निरोप असतो. हे सगळं ठरल्या क्रमाने घडतं. मी मनात एकेक खूण करत जातो.

धक्के बसताना पंख हलतो, त्याकडे बघून अनेकांचे हात गार पडतात. पंख वाकण्यासाठीच केलेला असतो. २०१० मध्ये बोइंग ७८७ चा पंख चाचणीत सुमारे २५ फूट वर वाकवला होता, सेवेत येऊ शकेल त्या कमाल भाराच्या दीडपट भार टाकून. तेव्हा पट्टा बांधून बसा. हेलकावे कमी हवे असतील तर पंखाजवळची जागा मागा, शेपटाकडची नको.

भीतीने श्वास भराभर चालतो, शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ओठ आणि बोटं मुंग्या आल्यासारखी होतात, आणि मग ‘हा झटकाच’ असं वाटून भीती दुप्पट. उपाय साधा आहे: चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. अशी लाट साधारण दहा मिनिटांत शिखर गाठून उतरू लागते. पण छातीतली कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, घाम सुटत असेल, तर भीती की हृदय हे तुम्ही ठरवू नका. घंटा दाबा.

झोपेची किंवा शांत करणारी गोळी पहिल्यांदा आकाशात घेऊ नये. ती कुणाला गुंगवते, कुणाला बरळायला लावते. घरी, डॉक्टरांना विचारून, एकदा घेऊन बघा. दारूसोबत तर मुळीच नको. गोळी घेऊन पाच तास मान टाकून बसलेल्या माणसाचे पायही हलत नाहीत, आणि चार तासांपुढच्या प्रवासात पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका तसाही वाढलेला असतो. अधूनमधून उठा, घोटे फिरवा. पूर्वी गाठ झालेली असेल तर पाय आवळून धरणारे मोजे किंवा गाठ टाळणाऱ्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा.

वर गेल्यावर

विमानातल्या वैद्यकीय अडचणींवरचा एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी ६०४ उड्डाणांमागे एक अशी अडचण आढळली, आणि सगळ्यांत जास्त काय, तर चक्कर किंवा शुद्ध हरपणं. तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली तर शौचालयाकडे धाव घेऊ नका. आतून कडी लावून पडलात तर कुणाला कळणार नाही. जागेवरच डोकं गुडघ्यांकडे न्या, शेजाऱ्याला सांगा.

उतरायला सुरुवात होते तेव्हा जागे राहा, आवंढा गिळत राहा, बाळाला पाजायला घ्या. नाक चिमटीत धरून हळूच फुंकलं तर कान मोकळे होतात. जोर लावायचा नाही.

भीती असो की दुखणं, आत शिरतानाच कर्मचाऱ्यांना एका वाक्यात सांगा. त्यांनी असे प्रवासी रोज पाहिलेले असतात. आणि दारापाशी पोचूनही बरं वाटत नसेल तर तिथेच बोला. दार बंद व्हायच्या आत सांगितलंत, तर तुमची बॅग शोधून उतरवायला थोडा वेळ लागतो, मागच्या रांगेतून एखादा सुस्कारा ऐकू येतो आणि तुम्ही परत जमिनीवर असता.