सिंह, नांगर आणि तीन अक्षरं

आजोळच्या कपाटातलं चांदीचं खिशातलं घड्याळ माझ्याकडे आलं, तेव्हा तबकडीवर ‘वॉल्थम’ वाचून मी घरभर सांगत सुटले की हे अमेरिकन आहे. ते अर्धंच खरं निघालं. मशीन मॅसॅच्युसेट्सचं, केस, म्हणजे बाहेरचं चांदीचं कवच, मात्र इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमची. तेव्हा दोन्ही वेगवेगळं वाचायचं.

आधी एक विनंती: रांगोळीने किंवा दंतमंजनाने घासू नका. केसवर शुद्धता, शहर आणि वर्ष सांगणारे बारीक ठसे असतात, ते आधीच झिजलेले असतात. मऊ फडक्याने पुसा, मागचं झाकण बिजागरीच्या समोरच्या बाजूने नखाने उघडा आणि आतल्या बाजूला तिरपा उजेड टाका. दहापट भिंग पुरतं. भिंग नसेल तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करा.

चालणारा सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमचा, बिबळ्याचं तोंड लंडनचं, तीन गव्हाच्या पेंढ्या आणि तलवार चेस्टरची. राजा-राणीचं मुंडकं सापडलं नाही म्हणून घाबरू नका. १७९८ साली घड्याळाच्या केसवरचा कर गेला, त्याबरोबर कर भरल्याचा तो ठसाही गेला.

राहिलं एक सुटं अक्षर, वर्षाचं. इथेच मी फसले. आमच्यावर छोटा ‘एच’ आहे. बर्मिंगहॅमच्या यादीत छोट्या ‘ए’पासूनची एक मालिका १८७५ला सुरू होते, दुसरी १९००ला. मी सरळ १९०७ धरलं. पण १८७५ची अक्षरं गॉथिक, टोकदार वळणाची, १९००ची साधी. पुन्हा भिंग लावलं, तर आमचा ‘एच’ टोकदार. म्हणजे १८८२-८३. अक्षराइतकंच त्याच्या चौकटीकडेही बघा, आणि यादी त्याच शहराची घ्या.

जोडीला चौकटीत ‘ए. एल. डी.’ होतं: एरन लफ्किन डेनिसन, बर्मिंगहॅमचे केसवाले. हे केसच्या कर्त्याचं चिन्ह. मशीनच्या कर्त्याचं नाव त्यात शोधू नका.

मशीनचा नंबर बघायला मागून जोर करू नका. आमच्यासारख्या केसमध्ये काच उघडायची, सहाच्या आकड्याखालची खिट्टी दाबायची, मग मशीन तबकडीसकट वर उचललं जातं. आमचा नंबर साडेअठरा लाखांच्या पुढे, म्हणजे १८८२च्या आसपासचा. १९०७ला वॉल्थम दीड कोटीच्या पुढे गेलं होतं. केसवरचा नंबर वेगळा आहे, तो जुळायची गरज नाही.

काही स्विस केसवर तीन अस्वलं आणि ०·९३५ दिसेल. ‘सिल्व्हरॉईड’ लिहिलं असेल तर त्यात चांदी नाही, नावावर जाऊ नका.

झाकणात सुईने ओरखडलेले बारीक आकडे दिसले तर ते कर्त्याचे नव्हेत, दुरुस्ती करणाऱ्या घड्याळजींचे. आमच्यात एका कोपऱ्यात चक्क देवनागरी ७ आहे.