विनाशिकेच्या कानांपासून पाणबुडी कशी वाचवावी
इंदूरला रामबागेतल्या घरी सुटीत भाचे जमले, की २००५ सालचा ‘सायलेंट हंटर ३’ हा दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी चालवण्याचा संगणकीय खेळ सुरू होतो आणि विनाशिकेने, म्हणजे पाणबुडीची शिकार करणाऱ्या वेगवान युद्धनौकेने, गाठताच ‘संगणक फसवतो’ अशी तक्रार येते. ती मला पटत नाही. विनाशिकेला नजर, आवाज टिपणारा हायड्रोफोन आणि प्रतिध्वनी ऐकणारे सोनार दिलेले असते. त्यांच्या मर्यादा ओळखून डाव खेळावा.

हायड्रोफोनपासून लपण्यासाठी मूकसंचाराचा, म्हणजे आवाज न करता चालण्याचा, आदेश देऊन वेग अगदी कमी ठेवावा. या काळात दुरुस्ती आणि टॉर्पेडो भरणे थांबते, हे लक्षात असू द्यावे. सोनारपुढे मात्र शांतता कामाची नाही. तेथे पाणबुडीची कूस न दाखवता नाळ (पुढचे टोक) किंवा शेपूट विनाशिकेकडे ठेवावे.

खरी संधी हल्ल्याच्या क्षणीच मिळते. विनाशिका वेगाने अंगावर येते तेव्हा तिच्याच यंत्रांच्या गोंगाटात तिचा हायड्रोफोन बहिरा होतो, आणि ती अगदी जवळ आल्यावर खोलवर असलेली पाणबुडी सोनारच्या झोताखालून निसटते. त्या काळातले ब्रिटिश डेप्थ चार्ज (विनाशिकेने टाकलेले, पाण्यात ठरावीक खोलीवर फुटणारे बॉम्ब) सेकंदाला सुमारे ३ मीटर बुडत, म्हणजे १५० मीटर खोलीवर पोहोचायला जवळजवळ ५० सेकंद लागत. तेवढ्या वेळात पूर्ण वेगाने सुकाणू एका बाजूला वळवावे आणि स्फोटांचा आवाज विरण्याआधी पुन्हा मंद व्हावे.