झटपट जेवणाचं पुस्तक करायला घेताना: आधीची तयारी

झटपट स्वयंपाकाच्या पुस्तकात पाककृतीच्या डोक्यावर ‘वेळ : २० मिनिटे’ असं छापलेलं असतं. ती २० मिनिटं बहुतेक वेळा कांदा चिरून झाल्यावर सुरू होतात. साहित्याची यादी नीट वाचा: ‘२ कांदे, बारीक चिरून’, ‘अर्धी वाटी ओलं खोबरं, खवून’, ‘१ वाटी मोड आलेले मूग’. निम्मं काम या यादीतच लपलेलं असतं. रोज संध्याकाळी एक याप्रमाणे अख्खं पुस्तक करून बघायचं मनात असेल, तर आधी ही लपलेली कामं बाहेर काढा.

१. पेन्सिल घेऊन बसा. पाककृती चाळताना पानाच्या कोपऱ्यात खुणा करा. भिजवायचं असेल तर ‘भि’, वाटण लागत असेल तर ‘वा’, कुकर लावायचा असेल तर ‘कु’. ज्या पानावर एकही खूण नाही, ती खरी झटपट पाककृती. अशी पानं वाटतात त्यापेक्षा कमी निघतात. उशिरा घरी यायच्या दिवसांसाठी ती राखून ठेवा.

‘भि’ची पानं उलटी मोजावी लागतात. गुरुवारी रात्री मुगाची उसळ हवी, तर मूग मंगळवारी रात्री भिजत घालायचे, बुधवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायचे. उन्हाळ्यात रात्रीपर्यंत मोड येतात, थंडीत गुरुवारची सकाळ उजाडते. मोड आले की डबा फ्रीजमध्ये. राजमा, छोले यांना रात्रभर भिजणं पुरतं. मसूर आणि मूगडाळ मात्र न भिजवताही चालतात, म्हणून विसराळू माणसाने ती पानं आधी धरावीत.

‘कु’च्या पानांवर शिट्ट्या लिहिलेल्या असतात, वाफ जिरायची वेळ नसते. तिला १०-१५ मिनिटं सहज लागतात. घरात शिरल्यावर आधी कुकर चढवा, चिराचिरी मग.

२. पोळ्यांचा हिशेब करा. पुस्तक भाजीची वेळ सांगतं, पोळ्यांची नाही. चार माणसांच्या पोळ्या लाटून-भाजून होईपर्यंत पुस्तकातली भाजी दोनदा झाली असती! नवीन पाककृती शक्यतो भाताबरोबर खायची किंवा एका भांड्यात होणारी निवडा. पोळ्या हव्याच असतील तर कणीक सकाळीच मळून फ्रीजमध्ये ठेवा आणि लाटण्याआधी थोडा वेळ बाहेर काढा.

३. माप एकच ठरवा. सगळं वाटीनेच मोजलं असेल तर कुठलीही वाटी चालते, कारण प्रमाण राखलं जातं. घोटाळा होतो तो वाटी आणि चमचा एका यादीत आले की. मापाचा टीस्पून ५ मिली, टेबलस्पून १५ मिली. घरातला पोह्यांचा चमचा यातला कुठलाच नव्हे. कप बहुतेक ठिकाणी २४० किंवा २५० मिलीचा धरतात. आपल्या वाटीत किती पाणी मावतं ते एकदा मोजून पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून टाका.

दोघांची पाककृती पाचजणांसाठी करताना भाजी-डाळ अडीचपट घ्या, मीठ-तिखट मात्र हात राखून. रश्शाचं पाणीही एकदम अडीचपट ओतू नका. कढईत गर्दी झाली की कांदा परतला जात नाही, नुसता वाफेवर शिजतो. तो दोन वेळा परतणं बरं.

४. क्रम भाजी ठरवेल. पान १ पासून सुरुवात करायचं काही कारण नाही. रविवारी बाजार केला असेल तर मेथी, पालक, मशरूमची पानं सोमवार-मंगळवारी उरका. भेंडी, गवार, फ्लॉवर मधल्या दिवसांत. कोबी, लाल भोपळा, बटाटा शुक्रवारपर्यंत सुखाने थांबतात. आठवड्यात तीन-चार नवे पदार्थ पुष्कळ झाले. उरलेल्या रात्री वरणभात लावा, नाहीतर घरचेच बंड करतील.

५. सुट्टीच्या दिवशी वाटणं. आलं-लसूण थोडं मीठ-तेल घालून वाटा आणि फ्रीजमध्येच ठेवा, ओट्यावर नको. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या पिशवीत भरा. आमटीला एक-दोन पुरतात. नारळ खवून फ्रीझरमध्ये ठेवा. कोथिंबीर न धुता, निवडून कागदात गुंडाळली की आठवडाभर टिकते. कांदा मात्र आधी चिरून ठेवू नये असं माझं मत. दुसऱ्या दिवशी फ्रीजमधलं दहीसुद्धा त्याचा वास धरतं.

६. जेवण झाल्यावर पुन्हा पेन्सिल. खरा वेळ किती लागला, मीठ किती घातलं, कोणी परत मागितलं, एवढं त्याच पानावर लिहा. लहान मुलं असतील तर तिखट घालायच्या आधी त्यांचा वाटा बाजूला काढता येतो का, तेही. नवीन पदार्थ फसलाच तर घरात बेसन, कांदे आणि लसूण असू द्या. पिठल्याला खरोखरच १५ मिनिटं लागतात.