प्रोटीन स्किमर बसवताना या चुका टाळा: आधी पाण्याची पातळी पाहा

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतील पाणी झपाट्याने आटते. स्किमर, म्हणजे बुडबुड्यांच्या फेसाने पाण्यातील घाण वेगळी काढणारे यंत्र, फेसच देत नाही किंवा त्याचा कप भरून वाहतो, अशा तक्रारी याच दिवसांत वाढतात. बहुतेक वेळा यंत्र निर्दोष असते; ते ज्या पाण्यात उभे आहे त्याची पातळी बदललेली असते.

प्रथिने व स्निग्ध पदार्थांच्या अनेक रेणूंचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, तर दुसरे पाणी टाळते. म्हणूनच ते हवेच्या बुडबुड्यांना चिकटतात आणि फेसाबरोबर स्किमरच्या गळ्यातून वर चढून वरच्या कपात पडतात. संपमध्ये, म्हणजे मुख्य टाकीखालच्या जोडटाकीत, बसणाऱ्या स्किमरच्या बाबतीत हा फेस किती उंच चढेल, हे बाहेरच्या पाण्याच्या उंचीवर अवलंबून असते आणि दोन सेंटिमीटरचा फरकही तेथे लगेच जाणवतो.

त्यामुळे स्किमर रिटर्न पंपाच्या (संपमधील पाणी वरच्या टाकीत परत चढवणाऱ्या पंपाच्या) कप्प्यात ठेवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. बाष्पीभवनाने घटणारी पातळी त्याच कप्प्यात दिसते, तर काचेच्या आडभिंतींमुळे अलीकडच्या कप्प्यांतील पातळी जवळजवळ स्थिर राहते. स्किमर या स्थिर कप्प्यात ठेवावा आणि उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेली खोली, जी अनेक मॉडेल्ससाठी १८ ते २३ सेंटिमीटरच्या आसपास असते, पट्टीने मोजून घ्यावी. पाणी जास्त खोल असेल, तर स्किमरखाली ॲक्रिलिकचे स्टँड द्यावे. ज्यांच्या संपमध्ये एकच कप्पा आहे, त्यांनी उन्हाळ्यापुरते तरी ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे आटलेल्या पाण्याची आपोआप भर घालणारे साधन, लावावे, असे मी आग्रहाने सांगेन. आटलेल्या पाण्याची भर मात्र आरओच्या गोड्या पाण्यानेच घालावी, कारण आटते ते पाणी, मीठ मागेच राहते.

दुसरी चूक उतावळेपणाची. नव्या स्किमरच्या आतील पृष्ठभाग रुळायला काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागतो आणि तोवर फेस कधी उसळतो, कधी बसतो. या काळात व्हॉल्व्ह अशा स्थितीत ठेवावा की आतील पाणी गळ्याच्या खालीच राहील. नंतर किंचित फिरवावा आणि पुढचा बदल दुसऱ्या दिवशीच करावा. गळ्याच्या तळाशी बुडबुडे सुटे व हलते, तर वर जाताना फेस दाट आणि तपकिरी होत गेलेला दिसला, की जुळणी बरोबर आहे असे समजावे. कपात कोऱ्या चहाच्या रंगाचे पाणी जमणे उत्तम. फिकट पाण्याने कप रोज भरत असेल, तर त्याबरोबर मीठही बाहेर जाते आणि त्याची जागा गोडे पाणी घेत असल्याने टाकीतील पाण्याचा खारेपणा हळूहळू उतरतो. अशा वेळी रिफ्रॅक्टोमीटरने (खारेपणा मोजण्याच्या उपकरणाने) पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या जवळ असल्याची खात्री करावी.

फेस अचानक उसळला, तर वॉटर कंडिशनर, औषध किंवा प्रवाळ चिकटवण्याचे इपॉक्सी नुकतेच वापरले होते का, ते आठवावे. फेस अचानक बसला, तर तेलकट खाद्य किंवा टाकीत घातलेल्या हाताचे लोशन हे कारण असू शकते. दोन्ही प्रसंगी व्हॉल्व्हला हात न लावता आधी वाट पाहावी.

वीज गेल्यावर वरच्या टाकीतील पाणी संपमध्ये उतरते. वीज येताच स्किमर त्या वाढलेल्या पातळीत सुरू होतो आणि कप ओसंडतो. वादळी पावसाच्या दिवसांत हे वारंवार घडते, म्हणून आधी रिटर्न पंप चालू करावा आणि संपची पातळी पूर्ववत झाल्यावरच स्किमर सुरू करावा.

हवेच्या नळीच्या तोंडाशी मीठ साचले, की बुडबुडे कमी होतात. नळीतून थोडे कोमट आरओ पाणी ओढू दिल्यास ते विरघळते. गळ्यावरील चिकट थर आठवड्यातून दोनदा तरी पुसावा, साबण मात्र कधीही वापरू नये. पंपावर चढलेला चुन्याचा थर पातळ व्हिनेगरने निघतो.

आवाजाचा त्रास होतो म्हणून रात्री स्किमर बंद करण्याची सवय उन्हाळ्यात धोक्याची ठरते. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, दिवे मालवल्यावर शेवाळाकडूनही तो मिळत नाही आणि अशा वेळी पाण्यात हवा मिसळण्याचे मोठे काम स्किमरच करत असतो. आवाज खरोखर वाढलाच असेल, तर स्किमरचा पंप उघडून इम्पेलरमध्ये, म्हणजे त्याच्या फिरत्या चक्रात, वाळूचा कण किंवा चुन्याची खपली अडकली आहे का, ते पाहावे.