मोटार अपघाताचा दावा: खरी लढाई डॉक्टरांच्या सरतपासात

अपघाताच्या दाव्यांकडे वळलेला ज्युनियर वकील सुरुवातीला सगळा जीव एफआयआर आणि घटनास्थळ पंचनाम्यात ओततो. चालकाचा हलगर्जीपणा दाखवायला ते लागतंच. पण ट्रिब्युनलपुढे, म्हणजे हे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणापुढे, फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. अपघात कसा झाला असण्याची शक्यता जास्त, एवढं पटलं तरी भागतं. जखमी अर्जदाराला किती पैसे मिळणार, ते ठरतं अपंगत्वाच्या टक्क्यावर.

हिशेबच करून बघा. ३४ वर्षांचा टेम्पोचालक, महिना १५,००० रुपये कमाई. सुप्रीम कोर्टाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे (२०१७) भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरले की २१,०००, वर्षाचे २,५२,०००. या वयाला सुप्रीम कोर्टाच्याच सरला वर्मा निकालातला गुणक (वर्षाच्या कमाईला ज्या आकड्याने गुणायचं तो) १६, म्हणजे ४०,३२,०००. कमाईची क्षमता २० टक्के गेली असं ठरलं तर हाती ८,०६,४००. शंभर टक्के गेली तर सगळे. दवाखान्याची बिलं आणि वेदनांची भरपाई वेगळी.

डॉक्टरांच्या अपंगत्वाच्या दाखल्यावर असतं ‘४० टक्के’. उलटतपासात विमा कंपनीचे वकील विचारतात, "हे फक्त त्या पायापुरतं ना?" डॉक्टर "हो" म्हणतात, आणि दाव्यातली हवा निघून जाते. म्हणून सरतपासातच, म्हणजे उलटतपासाआधी आपण आपल्या साक्षीदाराला प्रश्न विचारतो तेव्हाच, विचारून घ्या: हा माणूस क्लच दाबू शकेल का? सलग किती वेळ बसू शकेल? पोती उचलेल का? राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) हा सुप्रीम कोर्टाचा निकाल पाठ असू द्या. हात तुटलेल्या सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडू शकते, तसाच हात गेलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते, हा फरक त्यात स्पष्ट आहे.

साक्षीला शक्यतो उपचार करणारेच डॉक्टर आणा. नुसता दाखला देणाऱ्यांकडे कोर्ट संशयानेच बघतं, आणि माझ्या मते बरोबरच करतं. आधी ओपीडी संपल्यावर एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन त्यांना भेटा. बहुतेक डॉक्टरांना कोर्टाचा कंटाळा असतो. चहा पिऊन, तारीख त्यांच्या सोयीने मागून घेतली की निम्मं काम होतं.

पगाराची पावती नसेल तर गाडीमालकाला साक्षीदार म्हणून तपासा, पासबुक लावा. मुदतीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) मध्ये अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आलीय. त्याच्या आतच दाखल करा. पक्षकार राहतो तिथेही दावा चालतो, त्यामुळे पुण्याजवळ सोलापूर हायवेवर ठोकर बसलेल्या लातूरच्या माणसाला पुण्याला हेलपाटे घालायला लावू नका.

लोकअदालतीत कंपनी आकडा सांगते तो बहुधा पायापुरत्या टक्क्यावर काढलेला, तोही कमी करून. वरचा हिशेब पक्षकाराच्या बायकोसमोर कागदावर मांडून ठेवा, मगच तडजोडीच्या टेबलावर जा.