पतसंस्थेचं फॉक्सप्रो सॉफ्टवेअर बदलायचंय? आधी तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळवा

फॉक्सप्रो या डॉसवरच्या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर कारभार चालणाऱ्या पतसंस्था अजून आहेत. ६४ बिट विंडोजवर ते थेट चालत नाही, म्हणून कुणी जुना पीसी जपतं, कुणी डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये भागवतं. त्याच्या विंडोजवरच्या पुढच्या आवृत्तीचा, व्हिज्युअल फॉक्सप्रोचा, सपोर्टही जानेवारी २०१५ मध्ये संपला. बदल करायलाच हवा. पण डेमो बघायला बसण्याआधी सगळ्या डीबीएफ फायलींची (फॉक्सप्रो ज्यांत डेटा ठेवतं त्या फायलींची) प्रत काढा आणि पुढचं काम त्या प्रतीवरच करा.

फॉक्सप्रोत डिलीट केलेलं रेकॉर्ड फायलीतून जात नाही. त्याच्या पहिल्या बाइटमध्ये फक्त तारांकित खूण पडते, आणि ‘पॅक’ ही कायमचं पुसणारी आज्ञा चालवेपर्यंत ते तिथंच असतं. डेटा उचलणाऱ्या टूलनं ही खूण पाहिली नाही, तर रद्द केलेली व्हाउचरं पुन्हा जमा-खर्चात येतात. अशी रेकॉर्डं वेगळ्या टेबलात ठेवा. फेकू नका, लेखापरीक्षक विचारतात.

सभासदांची नावं हे सगळ्यात नाजूक काम. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात तशी साठवलेली असतात. ‘शिंदे’मधली पहिली वेलांटी ‘श’च्या आधी असते, ‘वर्षा’मधला रफार ‘षा’च्या नंतर. युनिकोड या आजच्या प्रमाण पद्धतीत ती उच्चाराच्या क्रमानं साठवतात, म्हणून दोन्हींची जागा बदलावी लागते. कन्व्हर्टरवर विसंबू नका. रफार आणि ऱ्हस्व वेलांटीची नावं वेगळी काढून शाखेतल्या माणसाकडून वाचून घ्या. ठेवीदाराचं नाव पासबुकावर चुकीचं छापलं गेलं, तर त्याचा संस्थेवरचा भरवसाच हलतो.

व्याजाचे नियम कागदावर सापडत नाहीत, ते प्रोग्रॅममध्ये आणि जुन्या अकाउंटंटच्या डोक्यात असतात. त्यांच्याशेजारी बसा. मुदतीआधी मोडलेली ठेव, जिच्या मुदतीत २९ फेब्रुवारी येते अशी ठेव, मधेच बंद झालेलं पिग्मी खातं, अशी अवघड खाती निवडून व्याज हातानं काढा. रुपयाचं राउंडिंग दरमहा होतं की शेवटी एकदाच, हे नक्की विचारा. पैशांचा फरक बहुतेक वेळा तिथूनच निघतो.

सगळे १ एप्रिलचा मुहूर्त धरतात. मला तो पटत नाही, कारण वर्षअखेरीच्या घाईत तपासायला कुणालाच सवड नसते. लेखापरीक्षण उरकल्यावर एक पूर्ण महिना दोन्ही सॉफ्टवेअर सोबत चालवा. रोज संध्याकाळी दोन्हींची रोजकीर्द आणि तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, समोरासमोर ठेवा. तेरीज जुळली तरी ठेवींच्या खातेनिहाय शिलकेची बेरीज खतावणीशी (लेजरशी) ताडून बघा. फरक एका पैशाचा असला तरी कारण सापडेपर्यंत जुनं सॉफ्टवेअर बंद करू नका.