किट गिटारवर चिंधीने सनबर्स्ट कसा चढवावा

सनबर्स्ट म्हणजे गिटारच्या बॉडीच्या मध्यभागी मधासारखा पिवळा, त्याबाहेर तांबूस आणि अगदी कडेला जवळजवळ काळा भासणारा तपकिरी, अशी एकातून दुसऱ्यात विरत जाणारी रंगछटा. फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार १९५४ मध्ये बाजारात आली तेव्हा तिचा नेहमीचा रंग दोन छटांचा सनबर्स्टच होता. लाल रंगाची तिसरी छटा तिच्यात १९५८ च्या सुमारास आली. त्याच वर्षी गिब्सन कंपनीने आपल्या लेस पॉल गिटारचा सोनेरी रंग बाजूला ठेवून, खालच्या मेपलचे रेषे दिसतील असा चेरी सनबर्स्ट आणला. कारखान्यात हे काम स्प्रे गनने होते. घरी बहुधा कंप्रेसर नसतो, म्हणून येथे सुट्या भागांतून घरी जुळवायच्या किट गिटारवर रंग चिंधीने घासून चढवण्याची आणि फक्त वरचा पारदर्शक लॅकर स्प्रे कॅनने फवारण्याची रीत सांगितली आहे. या रीतीत खरे कौशल्य दोन रंगांच्या मधल्या दोन बोटे रुंद पट्ट्यात लागते, आणि तो पट्टा ओला आहे तोवरच त्यावर काम करता येते.

रंगाला हात लावण्यापूर्वी संपूर्ण गिटार एकदा कोरडी जुळवून पाहावी. नेक, म्हणजे गिटारची मान, बॉडीच्या खाचेत बसवून दोन्ही टोकांच्या तारांच्या जागी दोरे ताणावेत आणि ते फ्रेटबोर्डच्या कडांपासून सारख्या अंतरावर राहतात का, हे तपासावे. ब्रिज (तारा टेकतात तो भाग), खांद्यावरच्या पट्ट्याचे खुंटे आणि झाकणे यांची सर्व भोके याच वेळी पाडून घ्यावीत, कारण तयार लॅकरमध्ये ड्रिल चालवले की कडेचे टवके उडतात. मग सर्व सुटे करून नेकची खाच मास्किंग टेपने झाकावी. तिच्यात लॅकरचे चार-पाच हात बसले तर नेक पुन्हा आत जात नाही.

स्वस्त किटची बॉडी बहुधा बासवुड किंवा महोगनीची असते आणि तिच्यावर रेषेदार मेपलचा, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा पापुद्रा चिकटवलेला असतो. त्यामुळे घासकाम फक्त हाताने, लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून आणि रेषेच्या दिशेनेच करावे. आधी १८०, मग २४० आणि शेवटी ३२० नंबर पुरतो. घासायच्या यंत्राने कडेचा पापुद्रा कधी संपला हे कळतही नाही. यानंतर ओल्या फडक्याने बॉडी पुसून तिरप्या उजेडात पाहावी. पाणी सगळीकडे सारखे मुरले तर लाकूड तयार आहे असे समजावे. थेंब मोत्यासारखे वर राहिले तर कारखान्यात लाकडाची छिद्रे बुजवणारा सीलर मारलेला आहे, आणि तो पूर्ण निघाल्याशिवाय चिंधीची रीत चालणार नाही. एखादाच डाग फिकट राहिला, तर तेथे सरस सांडलेला असतो. माझ्या पहिल्या किटवर जॅकच्या भोकाजवळ असा अंगठ्याएवढा डाग होता. कोरड्या लाकडावर तो दिसला नाही, पिवळा रंग लावताच मात्र पांढऱ्या ठशासारखा उठून आला. असा डाग धारदार पात्याने अलगद खरवडावा. पुरता गेला नाही, तर त्या बाजूची गडद कड थोडी रुंद ठेवून त्याला झाकून घेता येते. पाण्याने उभे राहिलेले तंतू सुकल्यावर ३२० ने एकदा हलकेच मारले की लाकूड रंगासाठी तयार झाले.

रंग म्हणजे येथे लाकडात मुरणारा पारदर्शक डाय हवा. वर थर धरणाऱ्या रंगाने रेषे झाकले जातात. कापडाचे रंग किंवा हळद यांचा मोह टाळावा, कारण उजेडात ते टिकत नाहीत. १९५८ ते १९६० या काळातील कित्येक लेस पॉलच्या कडांचा लाल रंग उडून गेला आहे, याचे कारणही उजेडात न टिकणारा लाल डाय हेच. आज मिळणारे मेटल कॉम्प्लेक्स प्रकारचे द्रवरूप डाय उजेडाला पुष्कळ अधिक टिकतात आणि पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये मिसळतात. स्पिरिटमधला रंग डोळ्यांदेखत वाळतो आणि जोड दिसतो. म्हणून पाणीच घ्यावे. पिवळा, तांबूस लाल आणि गडद तपकिरी अशा तीन बाटल्या पातळ करून घ्याव्यात आणि प्रयोग झाकणाखालच्या पोकळीशेजारी किंवा पिकगार्डखाली (तारांखालच्या प्लास्टिकच्या पत्र्याखाली) जाणाऱ्या जागी करावेत. सुकलेला डाय मातकट आणि निर्जीव दिसतो, त्यावरून धीर सोडू नये. त्यावर ओले बोट फिरवले की लॅकरखाली तो कसा दिसेल हे कळते. कडेसाठी शुद्ध काळा मी घेत नाही. काळ्याला पिवळ्याशेजारी हिरवट झाक येते, तपकिरीला येत नाही.

हातमोजे घालून प्रथम पिवळा रंग संपूर्ण पृष्ठभागावर सढळ हाताने, पण न ओघळेल असा फिरवावा. तो दमट असतानाच दुसऱ्या चिंधीने तांबूस रंग कडेपासून तीन-चार बोटे आतपर्यंत लावावा. आता मुख्य काम येते. पिवळ्याच्या चिंधीचा घट्ट बोळा करून तो पिळून घ्यावा आणि तांबूस रंगाच्या आतल्या सीमेवर लहान लहान गोल फिरवत, आतून बाहेर जावे. उलट, म्हणजे बाहेरून आत गेलात, तर तांबूस रंग मध्यावर ओढला जातो आणि मग तो निघत नाही. बोळ्याची जी बाजू लाल झाली ती लगेच फिरवून स्वच्छ बाजू पुढे घ्यावी. सात-आठ फेऱ्यांत सीमेची रेघ विरते आणि तेथे नारिंगी दिसू लागते. तो नारिंगी पट्टा मिळाला की हात थांबवावा. तपकिरी रंग याच पद्धतीने, पण केवळ एका बोटाच्या रुंदीत, आणि त्याचा जोड विरवताना बोळा तांबूस रंगाचा. बॉडीच्या पुढच्या दोन शिंगांवर, म्हणजे नेकच्या दोन्ही बाजूंना पुढे आलेल्या टोकांवर, हे पट्टे आपोआप जवळ येतात. तेथे तांबूस जवळपास दिसेनासा झाला तरी चालतो. पिकगार्ड असलेल्या गिटारवर मात्र त्याचा आकार आधी पेन्सिलीने हलकेच आखून घ्यावा, नाहीतर सगळा पिवळा त्याखाली जातो आणि बाहेर केवळ अंधारी कड उरते.

पहिल्या दिवशी छटा फिकी वाटली तर दुसऱ्या दिवशी हेच तिन्ही टप्पे पुन्हा करता येतात. गडद झालेली कड मात्र पापुद्र्याला इजा न करता मागे आणणे अवघड, म्हणून दोन हलके हात केव्हाही बरे. बाजू आणि पाठ तपकिरीनेच भराव्यात. कडेला प्लास्टिकची पट्टी असेल तर तिच्यावरचा डाग सर्वांत शेवटी पात्याने खरवडता येतो.

रंग एक पूर्ण दिवस वाळू द्यावा आणि त्यावर एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, लॅकर फवारावा. हा डाय लॅकरच्या थिनरमध्येही विरघळतो, म्हणून पहिले दोन हात दुरून, धुक्यासारखे कोरडे द्यावेत. ओला हात दिला तर घासून जमवलेला पट्टा वाहून जातो. त्यानंतर तासा-दोन तासांच्या अंतराने दिवसाला तीन, असे आठ-दहा हात होऊ द्यावेत. कोकणात किंवा मुंबईत हे काम पावसाळ्यात काढू नये. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि लॅकर दुधाळ पडतो. तसे झालेच तर कोरड्या दिवशी वरून रिटार्डर, म्हणजे सावकाश उडणाऱ्या, थिनरचा पातळ हात दिल्याने बहुधा दुधाळपणा जातो. लॅकर अतिशय ज्वालाग्राही आहे. गच्चीवर किंवा उघड्या पडवीत, देवघरातल्या दिव्यापासून आणि गॅसपासून दूर, वाफ अडवणाऱ्या काडतुसांचा मास्क लावूनच तो मारावा. कापडी मास्कचा येथे उपयोग नाही.

यानंतर बॉडी तीन-चार आठवडे टांगून ठेवावी. लॅकरचा वास पूर्ण गेला की १००० आणि पुढे १५०० व २००० नंबरचा वॉटर पेपर, पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून, ठोकळ्यावर चालवावा आणि शेवटी रबिंग कंपाउंडने चमक काढावी. कडांवर ठोकळा नेऊ नये, तेथे लॅकर सर्वांत पातळ असतो. स्क्रूच्या भोकांत पाणी शिरले तर आतले लाकूड फुगून भोवतीचा लॅकर उचलला जातो, म्हणून भोकांत आधी मेणाचे लहान गोळे दाबून ठेवावेत. जुळणी करताना ते काढून, प्रत्येक भोकाच्या तोंडाशी काउंटरसिंकचे (भोकाचे तोंड रुंद करणारे) पाते हाताने दोन वेळा उलटे फिरवावे आणि मगच स्क्रू आवळावा.